ओढ्याचे निळे कागद

आमच्या घरी कांदा चिरताना कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नसे. हे गमतीने लिहीत नाही. बिबवेवाडीतल्या एका तीन मजली इमारतीच्या तळाशी, पुढच्या खोलीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नकाशांच्या प्रती काढून देण्याचं दुकान होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो: अण्णा, आई, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी शैलाताई आणि मी. प्रती काढायला अमोनिया लागायचा. त्याचा वास भिंतींत, गाद्यांत, आईच्या पातळांत आणि भाताच्या पातेल्यात मुरलेला होता. पाहुणे उंबऱ्यातच डोळे पुसायला लागत. आई त्यांना पाणी देऊन म्हणायची, "बसा, होईल सवय," आणि दहांतले आठ जण सवय व्हायच्या आत उठत. यंत्र चालू असलं की एकसारखी घरघर असे. तिच्यावर आवाज चढवून बोलायची आम्हाला इतकी सवय झाली होती की गुरुवारी वीज गेली की आम्ही एकमेकांवर ओरडतो आहोत हे आमचं आम्हालाच ऐकू यायचं. त्या दिवशी आई चकोल्या करायची. कणकेच्या चकत्या वरणात रटरटतानाचा आवाज मला फक्त गुरुवारचाच आठवतो, कारण एरवी काहीही रटरटलं तरी ऐकू येत नसे.

अण्णा तरुणपणी शुक्रवार पेठेत एका मालकांकडे कामाला होते. तेव्हा नकाशाची प्रत निळी निघायची, निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. कागदाला दोन क्षारांचं पाणी हाताने लावायचं, अंधारात वाळवायचं, वर मूळ नकाशा ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यातून काढायचं. पुढे अमोनियाची प्रत आली, पांढऱ्या कागदावर निळ्या रेघा, आणि ओल्या निळ्या कागदांचा धंदा संपला. अण्णांनी स्वतःचं दुकान काढलं ते अमोनियाचं. मी कॉलेजात जायला लागले त्या सुमाराला देशाची दारं उघडली असं जो तो म्हणायचा. आमच्यापुरती ती नकाशांच्या भेंडोळ्यांनी उघडली. कोथरूडच्या सोसायट्या, टेकडीखालचे प्लॉट, पुढे खराडीकडची काचेची ऑफिसं, सगळं आधी आमच्या टेबलावरून जायचं. अण्णांचा धंद्यातला नियम एकच होता. आपण रेघा छापतो, वाचत नाही. एकाचा नकाशा दुसऱ्याच्या नजरेला पडला तर दुकानावर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून वाया गेलेली प्रतसुद्धा ते फाडून बंबात घालत. आमच्या आंघोळीचं पाणी कितीतरी बंगल्यांवर तापलं.

ताई वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि एका कॉलेजात तासांवर शिकवत होती. माळ्यावर मालकांनी दुकान मोडताना अण्णांना दिलेले त्या दोन क्षारांचे डबे होते, एक हिरवट भुकटीचा आणि एक लाल खड्यांचा. एका उन्हाळ्यात तिने ते उतरवले आणि अण्णांना म्हणाली, मला निळी प्रत शिकवा. अण्णांना एवढं खुललेलं मी क्वचित पाहिलं असेल. गच्चीच्या जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ते तिला दाखवत, "हात हलका. ब्रशने पाणी ओढायचं, घासायचं नाही. कडेला थेंब साचला तर तिथे डाग आलाच समज." मी कागद धरून उभी असे. दोन्ही क्षारांचं पाणी सारख्या मापाने एकत्र करायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझा हात मापाला पक्का होता. आईची एकच अट होती: या कामाची परात आणि स्वयंपाकाची परात एका मोरीतसुद्धा घासायची नाही.

ताईने त्या कागदावर नकाशा ठेवला नाही. तिने आघाडा ठेवला, मुळासकट. वर खिडकीची जुनी काच. गच्चीवर ऊन भाजत होतं. कागद पिवळट होता तो करडा झाला, राखेसारखा झाला. मग परातीत बुडवला आणि पाण्यात तो गडद निळा होत गेला, आणि मध्ये आघाड्याचं प्रत्येक कुसळ पांढरं. अण्णा बराच वेळ बघत होते.

"कुठून आणलंस हे?" त्यांनी विचारलं.

"धनकवडीच्या मागून. परवा आपण बारा फ्लॅटचा नकाशा छापला ना, तिथून."

"म्हणजे तू नकाशा वाचलास."

"मी तो गुंडाळला, अण्णा. डोळे बांधून गुंडाळता येत नाही."

अण्णांनी परातीतलं पाणी बदललं. मग म्हणाले, "बिल्डरचं नाव कागदावर घालायचं नाही."

"झाडांची घालू?"

"झाडं माझी गिऱ्हाइकं नाहीत."

एवढ्यावर ते ठरलं. ज्या जागेचा नकाशा आमच्याकडे यायचा, त्या जागेवर खोदाई सुरू व्हायच्या आत ताई रविवारी सकाळी लूना घेऊन जायची आणि तिथे उगवलेलं आणायची. टाकळा, दुधाणी, माका, रानभेंडी. एका जागेचा एक कागद. मागे पेन्सिलने झाडांची नावं, जागा आणि दिवस, आणि तिच्या कॉलेजातल्या एका ज्येष्ठ बाईंची सही. झाड मात्र ती टाकून द्यायची. वाळवून चिकटवून ठेवायला घरात जागाच नव्हती. जवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये तिने दोरीला चिमट्यांनी हे कागद टांगून एकदा प्रदर्शन केलं. बायकांना वाटलं भरतकामाचे नमुने आहेत. एक निवृत्त गृहस्थ हात मागे बांधून सगळी रांग फिरून आले आणि म्हणाले, "छान आहे. पण हे गवत आहे." "हो," ताई म्हणाली, "होतं."

आता मालनबद्दल सांगायला हवं. मालन आमच्याकडे भांडी घासायला यायची. ती आणि तिचा नवरा यवतमाळकडून आले होते, तो हडपसरला एका कारखान्यात हंगामी कामावर होता. आमच्या वस्तीमागून एक ओढा जायचा आणि त्याच्या खालच्या अंगाला एकतीस घरांची ओळ होती. पत्रे, विटा, काही ठिकाणी नुसता प्लास्टिकचा कागद. त्यातलं शेवटून तिसरं घर मालनचं. घरात तिचा लहान मुलगा आणि सासू. सासूला ती बुडी म्हणायची. आमच्या कानांना ते कठोर वाटे, पण तिच्याकडे म्हाताऱ्या माणसाला तसंच म्हणतात. बुडी कंबरेचं हाड मोडल्यापासून खाटेवर होती. मालन कामाला निघताना तिच्या उशाशी भाकरी आणि तांब्या ठेवून यायची आणि घरी जाताना आई देईल ते, कधी उसळ, कधी चकोल्या, डब्यात घेऊन जायची. "चव चांगली असते, बाई," ती आईला म्हणायची, "पण बुडी म्हणते, या डब्याचा वास हॉस्पिटलावानी येते."

ओढ्याच्या वरच्या अंगाला मोठं मोकळं रान होतं. ताई तिथे दोन उन्हाळे जात होती. भर मे महिन्यात, टेकडी करपलेली असताना, तिथे टाचेएवढं पाणी वाहायचं. पाणकणीस, लव्हाळा, ब्राह्मी, आणि काठाला वाळुंजाची सात झाडं. मी मोजली होती. वाळुंज वाहत्या पाण्याशिवाय वाढत नाही, हे मला ताईने सांगितलं. त्या एका जागेचे तिने तेवीस कागद केले, कारण तिचा तिथून पाय निघत नसे. एका कागदावर लव्हाळ्याशेजारी एक मुंगी अडकली होती, तिचा पांढरा ठिपका राहिला. मालनने तो गच्चीवर वाळत असताना पाहिला आणि म्हणाली, "एवढीशी मुंगी आली यात, ताई, तं माणूस झोपला यावर तं येईल का?" ताई म्हणाली, "येईल, पण हलायचं नाही." मालन हसली. "मंग बुडीचा काढा. ते नाही हलत."

त्याच पावसाळ्यानंतर त्या रानाचा नकाशा आमच्या टेबलावर आला. तीन इमारती, खाली पार्किंग. आमच्याकडचं निम्मं काम ज्या आर्किटेक्टसाहेबांच्या ऑफिसातून यायचं, त्यांचाच. ताईने तो गुंडाळायला घेतला आणि पुन्हा उलगडून टेबलावर पसरला. जिथून ओढा जायचा तिथे पार्किंगच्या रेघा होत्या. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पावसाळी पाण्याचा चर पाइपातून वळवण्यात येईल. पाइप नऊशे मिलिमीटर व्यासाचा.

"अण्णा, हा चर नाहीये. बारमाही ओढा आहे. तुम्हीही पाहिलाय."

"मी रेघा छापतो."

"तो पाइपात मावणार नाही. जास्त आलं तर वरून येईल, आणि खाली मालनची ओळ आहे."

"ते बघायला महानगरपालिका आहे."

"मग मी तिथे जाऊन सांगते."

अण्णांनी यंत्र बंद केलं. गुरुवार नसताना घर एवढं शांत झालेलं मला अनोळखी वाटलं. ते म्हणाले, "नकाशा इथे पाहिलास हे कुठे बोलायचं नाही. झाडांबद्दल काय बोलायचं ते बोल." ताईने कबूल केलं आणि ते पाळलंही. काही दिवसांनी त्या जागेवरच सूचनेची पाटी लागली, हरकती मागवल्या गेल्या, आणि तिने तिथलं वाचून अर्ज दिला. मुद्दा अगदी थोडा होता. पावसाळी चर असेल तर बुजवता येतो. नैसर्गिक ओढा असेल तर बुजवता येत नाही, दोन्ही बाजूंना जागा सोडावी लागते. उन्हाळ्यातही तिथे पाणी असतं हे दाखवता आलं, तर एकतीस घरांच्या डोक्यावर पाणी येणार नव्हतं. तोवर रानाला पत्र्याचं कुंपण पडलं होतं, वाळुंजं तोडून मुरूम ओतला होता. नवीन काही आणता येणार नव्हतं. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. होते ते तेवीस कागद.

ते कागद कुठे होते हे सांगताना आमच्या घराची एक रीत सांगावी लागेल. दुकानात यंत्राशेजारी एक उभी लाकडी पेटी होती. यंत्र येण्यापूर्वी तिच्यात खाली अमोनियाची बशी ठेवून वर कागद टांगत, आणि वाफेने प्रत उमटायची. यंत्र आल्यावर ती रिकामी झाली, पण यंत्राचा वास तिच्यात कोंडून राही, त्यामुळे तिच्यात कसर जात नसे, झुरळ जात नसे. आमच्या धंद्यातल्या सगळ्याच घरांत मोलाचे कागद अशा पेटीत ठेवत. आमच्या पेटीत रेशनकार्ड होतं, आमच्या मार्कलिस्ट होत्या, आईचा जन्माचा दाखला होता. ताईने ओढ्याचे कागद पावसाळा लागताना त्याच पेटीत ठेवले होते, मलमलीत गुंडाळून. घरातली सर्वांत सुरक्षित जागा ती. दुसरीकडे कुठे ठेवावेत हा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नाही.

सुनावणीच्या सकाळी तिने गठ्ठा काढला. मी तिच्या शेजारी होते. मलमल सोडली आणि वरचा कागद चहासारखा पिवळट-तपकिरी होता. तिने तो बाजूला केला. खालचा तसाच. पाणकणसाच्या जागी थोडा फिका पट्टा, वाळुंजाच्या पानांच्या जागी काही नाही. तेविसाव्या कागदापर्यंत ती गेली. एकावरही निळं राहिलं नव्हतं. ज्या अमोनियाने नकाशे उमटत त्याने हे कागद पुसले होते. निळी प्रत आणि अमोनिया एका छपराखाली नांदलेली आमच्या घरात कुणी पाहिली नव्हती, कारण एक संपल्यावर दुसरा आला होता. अण्णा दारात उभे होते, हातात दाढीचा ब्रश. त्यांनी सगळे कागद पाहिले. मग ते दाढी करायला मोरीकडे गेले. आई म्हणाली, "मागे लिहिलेलं आहे ना नीट? मग जा घेऊन." खरंच, मागची पेन्सिल स्पष्ट होती. ताईने गठ्ठा पुन्हा बांधला.

वॉर्ड ऑफिसातल्या त्या खोलीत मी भिंतीशी बसले होते. मालन आणि ओळीतल्या आणखी चार बायका कामं सोडून आल्या होत्या. अधिकारी वयस्कर होते, उद्धट नव्हते. आर्किटेक्टसाहेब समोर बसले होते आणि ताईला पाहून त्यांनी नम्रपणे मान हलवली. ताईने कागद टेबलावर मांडले आणि झाडांची नावं सांगायला लागली. अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला, एक कागद उजेडाकडे धरला.

"यात काय बघायचं आहे?"

"पाणकणीस आहे, साहेब. बारमाही पाण्यात येणारं."

"मला चहा सांडलेला दिसतोय."

"रंग उतरला आहे. मागे नावं आहेत, सही आहे."

"बाई, मागे काय लिहिलंय ते मीही लिहू शकतो. पुढे काय आहे ते सांगा."

मालन उठून म्हणाली की पाणी उन्हाळ्यातही असतं, आम्ही तिथेच कपडे धुतो. अधिकारी म्हणाले, "कपडे धुता ना, मग ते सांडपाणी." खोलीत कुणीतरी हसलं. मालन खाली बसली. आर्किटेक्टसाहेबांनी एवढंच सांगितलं की आम्ही पाण्याची सोय केलेली आहे, नऊशेचा पाइप आहे. बाहेर आल्यावर ताईने गठ्ठा लूनाच्या पुढच्या जागेत ठेवला आणि त्यावर पाय ठेवून गाडी घरी आणली.

मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं. त्यातली बरीच वर्षं खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत, सॉफ्टवेअर कंपनीच्या लेखा विभागात. तिथे खालच्या दालनात निळ्या कागदांवर पांढरे नेचे, मोठ्या चौकटींत, अशी रांग लावलेली आहे. नव्या मुली त्यांच्यापुढे उभ्या राहून फोटो काढतात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतही मागे कुणीतरी असे निळे कागद करण्याची शिकवणी ठेवली होती, तयार पाकिटासकट. "काकू, तुम्हीही या, पर्यावरणाचा विषय आहे," असं मला सांगण्यात आलं. मी गेले नाही. ताई आता नाशिकला असते, निवृत्त झाली आहे. आठवड्यातून एकदा आमचं बोलणं होतं. भाजी, गुडघे, मुलं, सगळं बोलतो. हे बोलत नाही. मी लिहिते आहे हे तिला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "लिही. फक्त वाढवू नकोस." म्हणून मला ठाऊक आहे तेवढंच लिहिते.

पुढच्या वर्षी परतीच्या पावसात, एका संध्याकाळी, टेकडीवर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. काठापासून काठापर्यंत साडेचार मीटर रुंद असलेल्या ओढ्याचं पाणी नऊशे मिलिमीटरच्या पाइपात शिरणार नव्हतं. हे गणित करायला इंजिनिअर लागत नाही. पाइपाच्या तोंडाशी बांधकामाच्या फळ्या अडकल्या, पाणी मागे तुंबलं आणि मग भरावाची कड घेऊनच खाली आलं. वर्तमानपत्रात पन्नासच्या वर घरं वाहून गेली असं छापून आलं, ते बरोबर नाही. घरं एकतीसच होती आणि त्यातली अठरा गेली. तीन माणसं दगावली असंही आलं होतं. एक दगावलं. मालनने आधी मुलाला शेजारच्या इमारतीच्या जिन्यावर नेऊन ठेवलं आणि बुडीसाठी परत आली. खाट दारात आडवी होऊन अडकली होती. हे मी पाहिलेलं नाही. मालन आईला सांगत होती तेव्हा मी तिथे मेथी निवडत बसले होते. मालन म्हणाली, बुडी ओरडत नव्हती. "जाय तू," एवढंच म्हणत होती. आईने तिला चहा दिला. तो तसाच निवला.

बुडीचे दिवस झाल्यानंतरच्या एका सकाळी अण्णा दुकान न उघडता स्वयंपाकघरात आले आणि आईकडे लिंबं मागितली. घरात होती तेवढी घेतली. निळ्या कामाची परात त्यांनी स्वतः माळ्यावरून काढली, पाणी भरलं, लिंबं पिळली, बिया बोटांनी काढून टाकल्या. मग ताईच्या कॉटखालचा गठ्ठा ओढून त्यातला एक तपकिरी कागद त्या पाण्यात सोडला. ताई कॉलेजला निघाली होती, खांद्याला पिशवी होती. आम्ही तिघी बघत होतो. कागदावर आधी मळकट हिरवं आलं. मग कडेकडेने निळं चढत गेलं, जसं पहिल्या दिवशी परातीत चढलं होतं तसंच, आणि मधून पाणकणसाची लांब पाती पांढरी वर आली. दुसरा कागद. वाळुंजाची पानं, कडेच्या बारीक दात्यांसकट. अण्णा एकेक कागद काढून चटईवर ठेवत होते आणि कुणाकडे बघत नव्हते.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?" ताईने विचारलं.

"मालकांकडे नेहमी करावं लागायचं. चुन्याच्या ओल्या भिंतीला कागद टेकला की असाच उतरायचा. लिंबात टाकला की यायचा."

"मी त्या सकाळचं विचारतेय."

अण्णांनी कागद पाण्यात उलटा केला. "होतं."

आईने गॅस बंद केला.

"घरात लिंबं होती," ताई म्हणाली.

"होती."

"मग?"

"निम्मं काम साहेबांच्या ऑफिसचं आहे, शैला. तुझ्या कागदांनी ते थांबणार नव्हते. तू हरणारच होतीस. म्हटलं, हरायचंच आहे तर निदान दुकान राहील."

ताई चटईपाशी खाली बसली. तिने ओल्या कागदावरून बोट फिरवलं नाही, नुसतं वर धरलं. "हरले असते की नाही, ते आता कुणालाच कळणार नाही, अण्णा. तुम्हालासुद्धा नाही."

अण्णांनी तेवीसच्या तेवीस कागद पूर्ण केले. त्या दिवशी दुकान दुपारी उघडलं. पुढे चार-पाच वर्षांत आर्किटेक्टांच्या ऑफिसांत संगणक आले, नकाशे तिथेच छापून निघायला लागले आणि अण्णांचं यंत्र भंगारात गेलं. ज्या दुकानासाठी ते गप्प बसले ते तेवढंच चाललं. हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाही. त्या सकाळी त्यांना ते ठाऊक असणं शक्य नव्हतं, एवढंच नोंदवते.

कागद वाळल्यावर ताई म्हणाली, चल. आम्ही मालनकडे गेलो. ती तेव्हा मुलाला घेऊन एका ओळखीच्या बाईच्या खोलीत राहत होती, नवरा रात्रपाळीहून येऊन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून झोपलेला. ताईने कागद तिच्यासमोर ठेवले. का नेले होते हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, ती सगळं सांगून टाकणार. वाटेत तिचा चेहरा तसाच होता.

मालनने एक कागद मांडीवर घेतला. "हे तं आपल्या वरच्या अंगचं आहे."

"हो."

"पण हे तं पिवळं पडलं होतं ना? तो साहेब चाय सांडला म्हणे." तिने कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "मंग आता कसं बरं झालं?"

बाहेर नळावर कुणाची तरी बादली भरून वाहत होती. मालन वाट बघत होती. तिचा मुलगा तिच्या पाठीवर रेलून कागदाकडे बघत होता.

"अण्णांनी केलं," ताई म्हणाली.

"अण्णानं?"

"हो. त्यांना येतं ते."

मालनने कागद दोन्ही हातांनी सरळ केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बुडी गेल्यापासून आमच्यासमोर ती पहिल्यांदाच रडली. "कोणी काही केलं नाही, ताई," ती म्हणाली. "कारपोरेशनवाले लिहून घेऊन गेले, पेपरवाले फोटो काढून गेले. तेवढ्या एका म्हाताऱ्या माणसानं आमच्यासाठी बसून काही केलं. त्याईले सांगजा, मालन म्हणे, तुमी केलं, लय चांगलं केलं."

आम्ही परत आलो तेव्हा अण्णा दुकानातल्या टेबलापाशी एका नकाशाला दोरा बांधत होते. आम्हाला पाहून त्यांनी गाठ अर्धी सोडली.

"मालनकडे गेलो होतो," ताई म्हणाली. "तुम्हाला निरोप आहे. म्हणाली, तुम्ही केलंत, फार चांगलं केलंत."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. "तू तिला सांगितलं नाहीस?"

"तिने विचारलं, कसं बरं झालं. मी म्हटलं, अण्णांनी केलं."

त्यांनी दोऱ्याची टोकं हातात तशीच धरली होती. त्यांनी विचारलं, "आणखी काही म्हणाली?"

"नाही," ताई म्हणाली. "एवढंच. आणि रडली."